मिस्त्री अजून आले नाहीत

ऑइल इंजिन चालू करणं बघणाऱ्याला फार अवघड वाटतं. हातात भडकती बत्ती, पुरुषभर उंचीचं चाक, धूर, आवाज. लोक तोंड उघडं टाकून बघत राहायचे. खरं म्हणजे ते काम कोणीही चार दिवसांत शिकेल. वेळेवर बंद करणं मात्र बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि इंजिनवाल्याला पगार असतो तो त्यासाठीच. राळेगावच्या एका जिनिंगमध्ये मी आधी तेलवाला, मग फिटर आणि शेवटी इंजिनवाला म्हणून उभा जन्म काढला. त्यातली छप्पननंतरची पहिली सहा-सात वर्षंच मला लख्ख आठवतात. पुढची सगळी सारखी गेली, त्यांचं लिहून वाचणाऱ्याला झोप येईल.

यंत्रावर लिहायचं म्हटलं की दिवाळी अंकात लोकांना भूत हवं असतं. बंद इंजिन आपोआप सुरू झालं, चाकावर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली, वगैरे. असला माल माझ्याकडे नाही. असं काही सांगत कोणी आला, तर मी म्हणायचो, बाबा, ती जागा तेवढी दाखव, ग्रीस लावून देतो. पण एक गोष्ट आहे. तिच्यात भूत नाही, रात्र नाही, भर दिवसाची गोष्ट आहे, आणि तरी ती आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. ती नथ्थूजी मिस्त्रींची.

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आमच्या हॉलमध्ये चोवीस यंत्रं एका ओळीत होती. प्रत्येकापाशी एक बाई, ती हातानं कापूस आत सारायची. चामड्याचा रोलर रुई ओढून पुढे फेकायचा आणि सरकी खाली गळायची. या सगळ्या यंत्रांच्या मागून, जमिनीतल्या नालीतून, एक लांबच लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून एकेका यंत्राला एकेक पट्टा जायचा. शाफ्ट फिरवायला शेजारच्या खोलीत इंजिन. इंजिनाच्या मोठ्या पट्ट्यासाठी शेजारी शेजारी दोन पुल्या होत्या, एक पक्की आणि एक मोकळी. हँडल ढकललं की पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकायचा. इंजिन आपलं फिरत राहायचं, पण शाफ्ट थांबायचा, आणि चोवीस यंत्रांचा भार अंगावर असल्यानं फार लवकर थांबायचा. हॉलमधून इंजिनघरात एक तार आणली होती आणि तिच्या टोकाला घंटी होती. तीन टोल पडले की काही विचारायचं नाही, हँडल ढकलायचं. बायकांच्या अंगावर लुगडी आणि मागे उघडा शाफ्ट, म्हणजे त्या तीन टोलांची किंमत काय ती समजून घ्या.

नथ्थूजी त्या इंजिनाबरोबरच आले होते. इंजिनाचे भाग बैलगाड्यांवरून आले तेव्हा ते गाडीच्या पुढे चालत होते, आणि मग ते कधी परत गेलेच नाहीत. मी कामाला लागलो तेव्हा साठीच्या आसपासचे असतील. किडकिडीत, कमी बोलणारे, डोक्याला कायम तेलकट रुमाल. बायको गेलेली. एक मुलगी, वच्छला, नवरा वारल्यावर माहेरी परतली होती. इंजिनघराच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांना होतं, तिथे बापलेक राहायचे आणि वच्छला हॉलमध्ये अकरा नंबरच्या यंत्रावर कापूस घालायची. मी छप्पनच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरातला. पहिल्या दिवशी पाणी कुठे प्यायचं म्हणून मी घुटमळलो, तर नथ्थूजींनी इंजिनघरातलं एकमेव मडकं दाखवलं आणि म्हणाले, गिलास धुऊन ठेवत जाय. त्यापलीकडे या विषयावर आमच्यात कधी शब्द झाला नाही.

त्यांची एकच गोष्ट मला पटत नसे. इंजिनाला जीव आहे असं ते म्हणायचे. इंजिनावर गव्हर्नर नावाचा भाग असतो, दोन लोखंडी गोळे गरगर फिरत असतात. वेग वाढला की गोळे फाकतात आणि तेल कमी करतात, वेग उतरला की मिटतात आणि तेल वाढवतात. म्हणजे इंजिन स्वतःवर स्वतःच लक्ष ठेवतं. नथ्थूजी त्या गोळ्यांकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "पाहून राह्यला का? याले आपलं आपलं समजते."

"वेग समजते," मी म्हणालो. "आपन कोन हाओ ते कुठी समजते त्याले?"

"तुले समजते का?" त्यांनी विचारलं आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची. मी नारळ फोडणार नव्हतो, हात जोडणार नव्हतो, आणि नथ्थूजींनी मला ते कधी करायला लावलंही नाही. पण पूजेनंतर त्यांचा एक नियम होता, तो मात्र मलाही लागू. त्या दिवशी इंजिनघराचं दार ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी आत जायचं नाही. आपल्यासाठी वर्षभर राबते, एक दिवस त्याले आपल्या आपल्यात राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. मी हसायचो. तरी खरं सांगतो, त्या बंद दारापुढून जाताना माझी पावलं जराशी हळू पडायची, आणि त्याचा मला राग यायचा.

मला राग यायचं कारण असं की मी असल्या समजुतींची हाडं खिळखिळी करणारा माणूस. हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. बाकीच्या दिवसांत आम्हाला गावोगाव विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला बोलावणं यायचं. मुकुटबनकडच्या एका शेतकऱ्यानं बोलावलं होतं. त्याचं म्हणणं, माझं इंजिन माझ्याशिवाय कोणाच्या हातानं सुरू होत नाही, भाऊ लावतो, गडी लावतो, नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, सुरू करून दाखवा. गृहस्थानं बत्ती पेटवली आणि इंजिनाशी बोलायला बसला. काय राजा, झोप झाली काय, ओल कमी हाये, वांगी सुकून राह्यली, अशी चांगली दहा-बारा मिनिटं गप्पा झाल्या. मग चाक फिरवलं आणि इंजिन पहिल्या झटक्याला धडधडलं. त्याच्या भावाला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही, पण तो बत्ती लावून दोन मिनिटांत चाकाला झोंबायचा. बत्तीनं इंजिनाचं डोकं लाल व्हायला दहा मिनिटं लागतातच, त्याआधी आत तेल पेटत नाही. हा गप्पा मारत होता म्हणून तेवढ्यात डोकं तापत होतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या शेतकऱ्याचा चेहरा पडला. जेवायला वाढलं, पण मनापासून नाही.

तर असा मी. इंजिनाचं सगळं मला समजतं अशी माझी घमेंड होती आणि ती बऱ्यापैकी खरीही होती.

साठ-एकसष्टच्या हंगामात एका सकाळी नथ्थूजींनी इंजिन सुरू केलं, हात पुसले आणि दारात येऊन उभे राहिले. मी तेलाचा डबा घेऊन येत होतो. मला म्हणाले, "इंजिन कोनं चालू केलं?" मला वाटलं थट्टा करतात. पण नथ्थूजींनी जन्मात कधी थट्टा केली नव्हती. मी म्हटलं, तुम्हीच नाही का? त्यांनी थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि आत गेले.

मग हे वाढत गेलं. पंधरा दिवसांनी ते मला विचारायला लागले, मिस्त्री अजून आले नाहीत का? हे विचारताना त्यांचा उजवा हात बेरिंगवर असायचा आणि तो हात सांगायचा, की तिसरं बेरिंग गरम होतंय, तेल दे. मी बघायचो तर खरोखर गरम असायचं. हात मिस्त्रीचाच होता. पण ज्याचा हात, तो स्वतःला मिस्त्रींचा कोणी मदतनीस समजायचा आणि त्यांची वाट बघायचा. इंजिन थंड करायच्या पाण्याची टाकी होती, तिच्यात वाकून बघून एकदा मला हळूच म्हणाले, "इथं एक मानूस बसून राह्यते. बोलत नाही." मी टाकीत पाहिलं. पाण्यात आमची दोघांची तोंडं दिसत होती. मी ताबडतोब टाकीवर पत्रा टाकला.

मॅनेजरांना सांगणं हे माझं काम होतं. हॉलमध्ये चोवीस बायका, आणि हँडलपाशी असा माणूस. मी सांगायला निघालोही होतो. पण वच्छलाला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, ती मला कापसाच्या गंजीमागे गाठून बोलली. तिला सगळं ठाऊक होतं. घरी ते तिला कधी ओळखायचे, कधी नाही. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "वामनभाऊ, बा घरी बसले तं दोन महिन्यात संपतीन. इंजिनापाशी हायेत तवरिक उभे हायेत. येवढा हंगाम सांभाळून घ्या." क्वार्टर जाईल हे ती बोलली नाही, ते मला समजत होतं. मी हो म्हणालो.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मी हे लिहायला बसलो आहे.

माझ्या मनानं ते प्रकरण दुरुस्तीला घेतलं. रोज बघत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की नथ्थूजींचं काम एका ओळीनं चालतं. बत्ती, मग तेलाच्या कुप्या, मग चिंधी, मग चाक. एकातून दुसरं निघतं. मध्ये कोणी हटकलं की साखळी तुटते आणि ते पहिल्यापासून सुरू करतात. तेव्हा मी कोणी हटकणार नाही अशी व्यवस्था केली. पुढच्या कामाची वस्तू हाताशी येईल अशी मांडून ठेवायला लागलो. डबा इथे, पाना तिथे. काम बिनचूक व्हायला लागलं. राहता राहिली घंटी. घंटी वाजली की नथ्थूजी दाराकडे बघायचे. मिस्त्री कुठे गेले? त्यांना विचारल्याशिवाय आपण हँडलला हात कसा लावायचा? म्हणजे घोळ हातात नव्हता. हाताला हँडल माहीत होतं. घंटी आणि हात यांच्या मध्ये तो बिचारा माणूस उभा राहत होता, आणि त्याला मध्येच आपण कोण हा प्रश्न पडत होता.

मी त्याला मधून काढलं. जेवणाच्या सुट्टीत वच्छला हॉलमधून तार ओढायची आणि मी इंजिनघरात नथ्थूजींच्या शेजारी उभा राहायचो. तीन टोल पडले की त्यांचा हात धरून हँडलवर ठेवायचा, ढकलायचा. पुन्हा घंटी, पुन्हा हात. दहादा, वीसदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोनेक आठवड्यांनी असं झालं की ते माझ्याशी बोलत असताना घंटी वाजली, तर बोलणं तसंच चालू राहायचं आणि हात जाऊन हँडल ढकलून परत यायचा. मान वळायची नाही, शब्द अडखळायचा नाही. मला इतका आनंद झाला की मी वच्छलाला हाक मारून दाखवलं. तिनं पाहिलं आणि ती डबा उचलून निघून गेली. मला तिचा राग आला. एवढं करून दिलं तर दोन शब्द चांगले बोलायला काय जातं, असं मला वाटलं.

त्या दोन आठवड्यांत एकदा नथ्थूजींनी माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं. डोळे पूर्वीसारखे, चांगले जागे.

"वामन," ते म्हणाले, "मी जाऊन राह्यलो रे."

"कुठी जाता?"

"ते नाही समजत. रोज थोडा थोडा जाऊन राह्यलो. मले दिसते जातानी."

मी घाबरलो. घाबरलेला माणूस हँडलपाशी नको, एवढंच मला सुचलं. चिंधी उचलून मी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, नथ्थूजी, कुप्या पुसायच्या राहिल्या. हातात चिंधी आली तसा हात चालायला लागला. पुसता पुसता चेहऱ्यावरची भीती उतरली, डोळे विझले, आणि ते पुन्हा मिस्त्रींची वाट बघायला लागले. उपाय लागू पडला म्हणून मी पुढेही तोच केला. तीन-चारदा तरी ते तसे वर आले आणि दर वेळी मी त्यांच्या हातात काहीतरी काम दिलं. त्यानंतर ते आले नाहीत.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या वस्तीत एक भंते येऊन राहिले होते. त्यांनी सांगितलं की आत्मा म्हणून वेगळं काही नसतं. मला वाद घालायची खोड. मी उभा राहून विचारलं, मग भंतेजी, इंजिनात आणि माणसात फरक काय? त्यांनी मलाच विचारलं, तुझं इंजिन झिजलं की काय होतं? मी म्हटलं, आवाज येतो. त्यांनी विचारलं, त्याला त्याचं वाईट वाटतं का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बस मग, आणि पाणी प्यायले. सायकलवरून घरी जाताना मी बायकोला म्हणालो की यांना उत्तर देता आलं नाही. ज्या मनगटावर नथ्थूजींची बोटं उमटली होती, त्याच हातानं मी सायकलचं हँडल धरलं होतं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

एक मात्र झालं. एका दुपारी इंजिनघरात मी तेल घालत होतो. गव्हर्नरचे गोळे फाकत होते, मिटत होते. नथ्थूजी पुसत होते. दोघांचंही काम अगदी ठीक चाललं होतं, आणि मला एकाएकी वाटलं की या खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही.  काहीतरी करावं म्हणून तेलाचा डबा खाली ठेवला, तर दिसलं की सातही कुप्या भरलेल्या आहेत. त्या मी कधी भरल्या ते मला आठवेना. एकही आठवेना. मग मी असेन तरी का इथे, असं मनात आलं, आणि मी डबा तिथेच टाकून बायकांच्या गलक्यात जाऊन उभा राहिलो.

होळीच्या आधी गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली होती. हॉलमध्ये रुईचा धुरळा इतका, की या टोकाचं त्या टोकाला दिसू नये. मी चोवीस नंबरचा पट्टा शिवत होतो. अकरा नंबरची सरकी तुंबली म्हणून वच्छला मागच्या बाजूला उतरली. उतरायचं नाही असा नियम होता आणि रोज सगळ्याच उतरायच्या. ओरडण्याचा आवाज आला नाही, यंत्रांच्या आवाजात यायचाही नाही. मी मान वर केली तेव्हा ती नालीच्या काठावर पाठमोरी वाकलेली दिसली. पदर शाफ्टला लागला होता आणि गळ्याभोवतीचं लुगडं आवळत, तिला मागे ओढत, शाफ्टवर गुंडाळलं जात होतं. कोणीतरी तार ओढली. मी धावलो, पण मी फार लांब होतो आणि हे मला धावतानाच कळत होतं.

शाफ्ट थांबला. मी पोचलो तेव्हा तिचं डोकं शाफ्टपासून वीतभर अंतरावर होतं. आम्ही लुगडं फाडून तिला मोकळं केलं. गळ्याची कातडी सोलली होती, बाकी धड होती. ती खोकली, श्वास घेतला आणि पहिला शब्द म्हणाली, "बा."

तिला धरून मी इंजिनघरात नेलं. इंजिन रिकामं फिरत होतं, पट्टा मोकळ्या पुलीवर. नथ्थूजी खिडकीतून बाहेर बघत होते. मला म्हणाले, गाड्या लय आल्या आज. मी विचारलं, शाफ्ट का थांबवला? त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. "थांबला का?" म्हणाले. वच्छला पुढे झाली तसं त्यांनी तिला हातानं मागे सारलं. "बाई, इकडं येऊ नको. पट्टा हाये."

"बा, मी वच्छी."

"हो का," ते म्हणाले. परक्या माणसाशी अदबीनं बोलतात तसे. "जेवली का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर गेलो आणि गंजीमागे बसून रडलो. लाज वाटायचं कारण नाही. तिला वाचवलं कोणी, हे मला तेव्हा कळेना आणि आजही कळत नाही. त्या वेळी त्या खोलीत एक इंजिन होतं आणि एक हात होता. मी त्यांना तसं केलं नसतं, तर ते दाराकडे बघत मिस्त्रींची वाट पाहत उभे राहिले असते आणि वच्छला गेली असती. हे खरं आहे. आणि मी पहिल्याच दिवशी मॅनेजरांना सांगितलं असतं, तर तिथे शुद्धीतला माणूस असता आणि यातलं काहीच करावं लागलं नसतं, हेही तितकंच खरं. पण सगळ्यात खरं हे, की "मले दिसते जातानी" असं नथ्थूजी म्हणाले, तेव्हा ते त्या खोलीत होते. झिजलेल्या इंजिनाला आपण झिजतोय हे कळत नाही. त्यांना कळत होतं. त्यांच्याजवळ बसून, हो नथ्थूजी, मला पण दिसतंय, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? मी त्यांना हातात चिंधी देऊन घालवलं.

मॅनेजरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं की बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्यांसमोर मिस्त्रींचा सत्कार करायचा. मी वच्छलाला म्हटलं, नको, सगळं उघडं पडेल. तर ती ऐकेना. "पडू द्या. समद्या बाया मिळून सांगतीन तं एखांदवेळी ऐकतीन बा. लेक वाचवली, येवढं तरी त्यायले समजू द्या."

पुढचं काय झालं ते आधी सांगून मोकळा होतो. नथ्थूजींना त्याच आठवड्यात कामावरून कमी केलं. क्वार्टर हंगाम संपेपर्यंत राहू दिलं, मग वच्छला त्यांना घेऊन दिराकडे गेली आणि दोन पावसाळ्यांनंतर ते वारले. इंजिन मला मिळालं. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत नथ्थूजी दारात येऊन मला नमस्कार करायचे आणि मिस्त्री म्हणायचे. बायका म्हणायच्या, सापडला एकदाचा यायले मिस्त्री. त्या हसायच्या, मला हसू येत नसे. मी त्यांच्याशी पुष्कळ बोलायचो तेव्हा. फार उशिरा.

सत्काराला सगळ्या बायका अंगणात बसल्या होत्या. मॅनेजर बोलले, हार आणला होता तो नथ्थूजींच्या गळ्यात घातला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नथ्थूजींनीही वाजवल्या, अगदी मनापासून, आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मिस्त्रीले बलवा ना कोनी. त्याईच्या गळ्यात घाला."

मॅनेजर हसले आणि म्हणाले, बघा, केवढा नम्र माणूस. नथ्थूजींनी मान हलवली. "मी तं इथं पुसपास करतो, साहेब. मिस्त्री अजून आले नाहीत." मग कोणी हसलं नाही. एकेक बाई उठून जायला लागली. मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली मान घातली, त्यातच त्यांना सगळं समजलं.

अंगण रिकामं झालं. नथ्थूजी इंजिनघराच्या पायरीवर बसले होते, वच्छला समोर उभी होती आणि मी दारात. ती रडत होती. नथ्थूजींना ते बघवलं नाही.

"काहून रडून राह्यली, बाई?"

"ज्यायनं मले वाचवलं ना," ती म्हणाली, "ते माहे बा हायेत."

"मिस्त्री?"

"हो."

नथ्थूजींनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं. "त्याले माहीत हाये का, पोरगी वाचली म्हनून?"

"नाही."

"सांगा लागते मंग. नाही सांगतलं तं त्याले कसं समजीन?" त्यांनी गळ्यातला हार काढला आणि तिच्यापुढे धरला. "हा त्याचा हाये. दे त्याले."

वच्छलानं हार घेतला. जरा वेळ हातात धरून ठेवला. मग वाकून तो परत त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "ते येतपर्यंत तुमच्यापाशीच असू द्या."

त्यांना ते पटलं. बरं म्हणाले. फुलं चुरगळू नयेत म्हणून ते ताठ बसले, आणि दिवस मावळेपर्यंत तसेच बसून राहिले. फाटकातून कोणी आत आलं की हार सावरून अर्धवट उठायचे, त्याचा चेहरा नीट बघायचे, आणि पुन्हा खाली बसायचे.